अर्धा इंच

तीस म्हणायचं ठरवूनच मी गेले होते.
पण व्हर्नल स्टिडमनं बंदूक अशी हातात दिली,
जसं झोपलेलं पोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर देतात,
आणि मी मुकाट पस्तीस डॉलर मोजले.

सोळा बोअरची एकनळी.
कारखान्याचं नाव गंजानं खाल्लेलं,
मानेला काळी टेप,
घोडा अर्ध्यावर येऊन पेंगणारा.
बसडेपोतला हर्शेल म्हणाला, भिंतीवर टांग, ओर्फा.
मी म्हटलं, मला भिंत नाही, कढई भरायचीय.
उघडून खिडकीकडे धरली. आत कोळिष्टक,
एक मेलेली गांधीलमाशी,
आणि त्यांच्या पलीकडे
अजून गोल, अजून सरळ
उजेड.

गंज खरवडायचा नाही, उकळायचा.
हे बापानं शिकवलं, खाण बंद असायची त्या दिवसांत.
पन्हळीचा तुकडा दोन्ही टोकांना बुजवून
शेगडीच्या दोन बर्नरवर आडवा,
त्यात नळी, मक्याच्या कणसासारखी.
लाल गंज पाण्यात काळा होतो, मऊ काळा,
आणि मग तोच लोखंडाला जपतो.
जे खात होतं, त्याचंच पांघरूण.
मी हे कुणापाशी बोलले नाही.
माझ्या वयाच्या बाईनं असलं काही सांगितलं
की लोकांना वाटतं, ही लग्नाबद्दल बोलतेय.

दस्त्याच्या खळग्यांवर ओलं फडकं, वर तापली इस्त्री.
वाफ शिरली की दबलेलं लाकूड उठतं.
सगळं नाही.
टेपखाली चीर निघाली,
चिरीवर टेलिफोनची तांब्याची तार,
अकरा वेढे, एकही दुसऱ्यावर न चढलेला.
आणि बुडाकडचा तपकिरी रंग खरवडला
तेव्हा दस्ता मधेच संपला.
कुणीतरी करवतीनं दोन इंच कापला होता,
आणि पुढे जोड दिले होते,
एक अक्रोडाचा, एक मेपलचा,
एक कसल्याशा खोक्याच्या फळीचा, त्यावर अजून अर्धं अक्षर.
तीन थर, अर्ध्या अर्ध्या इंचाचे.

हिशोब कळायला मला वेळ लागला नाही.
एकवीस वर्षं बघतेय मी,
बसच्या दांड्यापर्यंत पोरांचे हात
दर ऑगस्टला कसे लांब होऊन येतात.

जोड काढले नाहीत.
जवसाचं तेल तळहातानं जिरवत राहिले,
चिलीसारखा वास घरभर नाही, रंगाच्या दुकानासारखा.
घोड्याला नवी स्प्रिंग, सहा डॉलर.

पहिला बार हातातून काढायचा नसतो.
ट्रकच्या जुन्या टायरला बंदूक आवळली,
चापाला कपड्यांची दोरी,
आणि ओकच्या आडून, डोळे मिटून, ओढली.
टायर हललं.
डोंगरानं आवाज परत पाठवला,
पावती फाडून दिल्यासारखा.

एकच काडतूस असलं की माणूस थांबायला शिकतो.
पहाटे हिकरीखाली बसले.
वरून टरफलं गळत होती, टिप, टिप,
कुणी खिसे रिकामे करावेत तशी.
दोन खारी मिळाल्या.
तिसरी चुकली की सोडली, नीट सांगता येत नाही,
दस्ता खांद्यात बसत नव्हता,
मान घडी घालून ठेवावी लागत होती.

सोललेल्या खारी ब्रेडच्या पिशवीत घालून व्हर्नलकडे गेले.
त्यानं पिशवीकडे पाहिलं नाही.
बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली,
मग जोडांवरून अंगठा फिरवला.
"नऊची होती. मग अकरा. मग साडेबारा."
पुढचं नुसतं "डेटन" म्हणून संपवलं,
इथले सगळेच म्हणतात तसं,
दार ओढून घेतल्यासारखं.
नाव मी विचारलं नव्हतं.
"लुरीन," तो म्हणाला.

मग, "बार होतो?"
होतो.
"कोपर वाकव."
मी हात काटकोनात धरला.
त्यानं बूड कोपराच्या खळीत टेकवलं,
माझं बोट चापाशी कुठवर पोचतं ते
एक डोळा मिटून पाहिलं.
पायरीवरच्या पिशवीत मांजरानं तोंड घातलं होतं.
"अर्धा इंच कमी पडतंय तुला," म्हणाला,
आणि शेडमध्ये
लाकूड शोधायला गेला.