डावा खांदा

टाऊन हॉलात आज चौदा सॅमी उजगरे आहेत.
चौदा पांढरे सूट, चौदा झुलपं,
आणि पंखे चालू तीन.

मला पुढं बसवलंय. शाल, नारळ.
निवेदक म्हणाला, "सॅमीसाहेबांचे शिंपी!"
साहेब कधी झाला कुणास ठाऊक.

मिशन कंपाउंडातलं पोरगं ते.
दिवसा दवाखान्यात एक्स-रेच्या फिल्मा धुवायचं,
रात्री मोंढ्यात, हमालांच्या गणपतीपुढं,
गिटार पोटाशी धरून
कमरेतून असं मोडायचं
की पोत्याला लावलेला हूक
तसाच हातात राहायचा लोकांच्या.
रॉक अँड रोल म्हणजे काय, जालन्याला काय माहीत.
गाण्यातलं इंग्रजी निम्मं चर्चमधलं,
निम्मं त्याच्या मनचं.
कोणी अर्थ विचारला नाही.

सूट मी शिवला. शहात्तर साल.
टेरिकॉटचा ताका उधारीवर,
कॉलरीत बक्रम दुहेरी,
छातीवरच्या टिकल्या कुण्या नवरीच्या शालूतून उरलेल्या.
माप देताना म्हणाला,
मास्तर, टेप सैल धरा,
गाताना मी इंचभर वाढतो.

डावा खांदा उतरता होता त्याचा.
लहानपणी चिंचेवरून पडलेला.
मी तिथं कापूस भरला, दोन बोटं जाड,
आणि दोन्ही खांदे एका रेषेत आणले.
हे त्याला माहीत, मला माहीत.
त्याच्या बायकोला माहीत असेल. विचारायचं नसतं.

आता बघतोय.
पहिल्याची कॉलर पडलेली.
दुसऱ्याचा कोट लग्नाच्या बँडकडून भाड्यानं आणलेला,
पाठीवर बुकिंगचा नंबर तसाच.
पाचवा बियाण्याच्या कंपनीत, आवाज खणखणीत,
पण कमरेला दुखण्याचा पट्टा.
सातवी मुलगी निघाली, मंठ्याची,
काजळानं कल्ले काढलेली.
लोक हसले.
दुसऱ्या कडव्याला हसायचे थांबले.

अकरावा आला. अंबड डेपोचा कंडक्टर.
सूर लागेना, शब्द सांडले,
आणि डावा खांदा हा असा वर आलेला,
जणू कानात काहीतरी सांगतोय.
परीक्षक वहीत वाकले. फिटिंग: शून्य.
मग त्यानं गिरकी घेतली, कोट उघडला,
आणि अस्तराच्या कडेला मला दिसली
निळ्या दोऱ्याची तुरपाई.

त्या रात्री पांढरं रीळ संपलं होतं माझं.

बाकीचे तीन मी ऐकले नाहीत.
शाल खुर्चीवर टाकून मागं गेलो.
तो खोलीत घाम पुसत होता.
"कुठं मिळाला?"
"जुन्या कपड्यांच्या बाजारात, काका. दीडशे रुपये.
एका भांडीवालीकडून आला म्हणत होते."

म्हणजे एक स्टीलचं पातेलं. फार तर डबा झाकणाचा.
सॅमी गेल्यावर घरात भांडी लागलीच असतील.

मी खांद्यावर हात ठेवला.
कापूस आत दगड झालेला.
"हे टोचतंय बघा," तो म्हणाला,
"आणि सगळे हसतात. तुम्ही शिंपी ना?
दोन मिनिटांचं काम. उसवून टाका,
पुढच्या वर्षी नंबर काढतो."

बाहेर मंठ्याच्या मुलीचं नाव पुकारत होते.
दुसरी की तिसरी, नीट ऐकू आलं नाही.

कात्री माझ्या खिशातच असते, साठ वर्षं.
मी त्याच्याकडं बघितलं,
सरळ, निरोगी खांद्यांचा माणूस,
आणि नाकावरचा चष्मा वर सरकवत म्हणालो,
आज नाही जमायचं बाबा,
चष्मा घरी राहिला.