दोन्ही हात वर

सोमवारी हुबळीला. बारा दिवसांचं ट्रेनिंग.
ट्रंकेत दोन साड्या ठेवल्या होत्या, त्या काढल्या,
दोन पँटी ठेवल्या.
केशरी जाकीट. टाचेत कापूस भरलेले बूट,
बायकांच्या मापाचे कुळ्याला अजून पोचलेले नाहीत.
हॉस्टेलात वास येईल म्हटलं,
तरी सासूने सुंगटांच्या किसमुरीचा डबा कोंबलाच.
सगळ्यात वर पुस्तक.

पुस्तक हिंदीत. पहिल्याच पानावर शब्द: संरक्षा.
मी विचारलं, म्हणजे सुरक्षा की संरक्षण?
कायतान मेट, एकतीस वर्षं या घाटात,
उजव्या कानानं ऐकायचं सोडून दिलेला,
हातोडीचा दांडा पुसत म्हणाला,
सुकांती, सांजेला घरी पोचलीस की ती झाली.
परीक्षेत मात्र असं लिहू नकोस.

पाठांतर चाललंय.
रूळ तुटलेला दिसला तर आधी लाल निशाण, मग धाव.
सहाशे मीटरवर एक फटाका.
बाराशेवर तीन, दहा-दहा मीटर सोडून.
उल्हास प्रश्न विचारतो, पुस्तक डोळ्यांपासून लांब धरून.
खाणी चालू होत्या तेव्हा तो मालाचा ट्रक हाकायचा,
जितक्या खेपा तितके पैसे.
आता ट्रक शेडीत, टपावर कसलीशी वेल चढलेली.
"तीन कशाला गो? एक पुरत नाही?"
ते पुस्तकात नाही.
कायतान सांगतो, पहिला वाजला की ड्रायव्हरला वाटतं दगड होता,
दुसऱ्याला तो सोबत्याकडे बघतो,
तिसऱ्याला ब्रेक.
उल्हास गप्प झाला. बऱ्याच वेळानं म्हणाला,
भरलेली गाडी मनात आलं म्हणून थांबत नाही.

आकडे डोक्यात राहीनात, तेव्हा पायांना शिकवले.
आमच्या दारापासून पांढऱ्या खुरसापर्यंत सहाशे.
खुरसापासून ट्रकांच्या शेडीपर्यंत आणखी सहाशे.
रुळावर तेच हजारभर स्लीपर, आणि वर आणखी हजार,
आणि गिट्टीतलं धावणं म्हणजे
प्रत्येक पाऊल दोनदा टाकणं.

इतकी वर्षं गाडी म्हणजे घड्याळ होतं.
वास्कोची आली, भात उतरवा.
कोळशाची गेली, दोरीवरचे कपडे झटका.
आता रात्री कोळशाची चढाला लागते,
मागून ढकलणारी इंजिनं धापा टाकतात,
आणि मी अंथरुणात चाकं ऐकत पडते.
एखादं सपाट झालेलं,
टक्, टक्, टक्, माझ्या उशीवरून वर घाटात जातं.
उल्हासला वाटतं मी भितेय.
भितेच.
पुस्तकात त्याला सतर्कता म्हणतात.

शेवटचा प्रश्न:
निशाण नाही, दिवा नाही, फटाके नाहीत, तर?
उत्तर सोपं. गाडीकडे तोंड करून
दोन्ही हात डोक्याच्या वर, सरळ.
पण माझे हात असे कधी गेलेच नव्हते.
माळ्यावरचं भांडं काढायला एक जायचा, दुसरा पदराला.
शाळेत उत्तर येत असतानाही बोट मांडीवरच.

आज पहाटे, कोणी नाही असं बघून,
रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.
दोन्ही हात वर.
वळणावरून पोदेर आला, भोंगा वाजवत,
आणि करकचून थांबला. एक पाय जमिनीवर,
टोपलीतले पाव एका बाजूला कलंडलेले.
"कितें जालें गो बाय?"
काही नाही, म्हटलं. काही झालं नाही.
हात खाली यायला मात्र वेळ लागला.
चार उंडे घेतले, पैसे नंतर देते म्हणाले.
त्यानं निळं प्लास्टिक टोपलीवर ओढून घेतलं,
पायडलवर पाय ठेवला, तरी हलेना.
"वचूं?"
पुढे जा, अशी खूण कशी करायची
ते पान मी अजून उघडलेलंच नाही.