उधारीची फाईल

सक्करदऱ्यात बाबांचं कूलरचं दुकान.
पंपाची, गवताची, मोटरची उधारी
वहीतून मी फाईलमध्ये उतरवली,
एका ओळीत एक माणूस:
नाव, स्वल्पविराम, रक्कम.

सहाव्या धड्यापर्यंतच पोचले होते.
'ए'च्या जागी 'डब्ल्यू' लिहिला,
नि फाईल उघडताच कोरी.
वही तर गुरुवारीच रद्दीत गेलेली.

मोटरची वाइंडिंग करता करता
बाबा सांगत गेले:
हेडाऊ चारशे. ढोमणे साडेसातशे.
पराते, जुना पंप, दीडशे.
मी टंकत गेले.

"आन् बारापात्रे काकू? बाराशे होते त्यायचे."

तार फिरत राहिली.
"तिचं तं तुह्या मशीननं पुसलं ना व.
आता काहून लिवतं?"

धड्यात सांगितलंय,
शेवटी फाईल बंद करायची.
केली.