अंधारात घेतलेली टिपणं

मंडळीने मला पाठवलं, कारण माझं अक्षर चांगलं.
"कमलिनीबाई, सिनेमा बघा, आक्षेप लिहून आणा,
सोमवारी कलेक्टरकडच्या अर्जाला जोडू."
सोबत एलियाजरकाका, देवळाची घंटा वाजवणारे,
साक्षीदार म्हणून.

सयाजीगंजात दुपारच्या खेळाला अकरा माणसं.
पडद्यावर पांढऱ्या झग्यांतले उंच लोक
पोरांचे आवाज काढून बरण्यांत भरत होते.
बरण्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर नावं,
वर बुरूज, बुरुजात घंटा,
आणि एक काळी पोरगी
सगळ्या बरण्या फोडायला निघालेली.
मी लिहिलं : झगा आपल्या पाळकांसारखा.
मी लिहिलं : बुरूज म्हणजे देऊळच म्हणायचंय त्यांना.
मग पहिली बरणी फुटली
आणि पुढे मी काय लिहिलं, मला माहीत नाही.

काका मध्येच मोठ्यानं म्हणाले,
"दोर असा धरतात होय? हात सोलून निघेल!"
पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरं हसली.
काका हसले नाहीत.
त्यांनी तळवे मांडीवर उलटे ठेवले, झाकून.

बाहेर ऊन. सेव-उसळीच्या गाडीपाशी
पाव मोडताना म्हणाले,
"पोरगी धीट होती.
आमच्या दिनासारखी."
दिना.
परधर्मात लग्न केलं म्हणून
मंडळीच्या वहीतून तिचं नाव खोडलं त्या साली.
पट्टी लावून, एक सरळ रेघ.
अक्षर चांगलं, तशी माझी रेघही चांगली.
मी उसळीत लिंबू पिळत राहिले.

संध्याकाळी पाळक हिवाळ्यांच्या ओट्यावर
चार तरुण बसलेले, कपाळाला टिळे.
डिसेंबरात फतेगंजच्या नाक्यावर
आमचा कागदी तारा यांनीच उतरवला होता,
काठीनं, चांगला उजेड असताना.
"अमे तमारी साथे छीए," म्हणाले,
"भावना दुखावणं काय असतं, आम्हाला कळतं."
पाळकांनी चहा मागवला.
कप कमी पडले, शेजारून आणले.

रात्री वही उघडली.
ओळीवर ओळ चढलेली,
विश्वामित्रीच्या काठावर मगरी पडाव्यात
एकमेकींच्या अंगावर, तशी.
झगा वाचता येतो. बुरूज वाचता येतो.
खाली एक आडवी रेघ आहे,
पट्टीशिवाय ओढलेली, वाकडी,
तिच्याखाली काही आहे की नाही, कळत नाही.

"सुवाच्य उतरवून द्या," पाळकांचा निरोप.
कोरा कागद घेतला. तारीख घातली.
उद्या रविवार. सात वाजता घंटा व्हायला हवी.