किमान वजन

पावणे एमआयडीसीत, रबराच्या कारखान्यामागे आमचं शेड.
ती पिवळी गाडी आत आली तेव्हा
नाल्यावरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

मालक जयेंद्र ठाकूर, गाव करावे,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभा राहिलेला माणूस.
म्हणाला, पॅड तेवढे बघ.
डिस्क सिरॅमिकच्या आहेत, जन्मभर टिकतात.
मी विचारलं नाही, कुणाच्या जन्मभर.

चाक काढण्याआधी मी दोन लांब पिना लावतो,
रिम सरकत सरकत बाहेर यावी, टेकू नये कुठे.
लोखंडाला लागलं तर ते नुसतं वाजतं.
हिची कड उडते,
बशीची उडते तशी,
आणि बशी साडेचार लाखांची.

कॅलिपरनं जाडी मोजली. केसभर फरक नाही.
मालक हसला.
पण ही जाडीत झिजत नाही.
आतला कार्बन जळतो, न बोलता,
अंग तेवढंच दिसतं आणि वजन उतरतं.
म्हणून मधल्या वाटीवर कोरलेलं असतं:
किमान ५७१० ग्रॅम.

खाडीची हवा पिऊन बसते ती,
म्हणून रात्रभर हॅलोजनखाली वाळवली.
सकाळी एपीएमसीतून लालजीभाईचा काटा आणला,
मिरचीवाल्याचा. शिंकत शिंकत वजन केलं.
५६८८.
दुसरी ५६९१.
बावीस ग्रॅम म्हणजे किती? मूठभर चुरमुरे.
मी म्हटलं, पुढच्या दोन्ही गेल्या.

"अरे, मी साठच्या वर नेत नाही!
लग्नाला नेतो, देवळात नेतो."
खरं असावं. सीटचं प्लास्टिकही काढलं नव्हतं त्यानं.
पण काटा कुणाला ओळखत नाही.
कुणीतरी ही गाडी अडीचशेवरून शून्यावर आणत होतं,
परत परत, डिस्क लाल होईपर्यंत.

सोसायटीच्या कॅमेऱ्यात दिसलं.
रात्रीचे पावणेतीन. बनियन, लेंगा, कानटोपी.
वडील. पोशा ठाकूर, वय एकाहत्तर.

जयेंद्र माझ्यासमोर एवढंच बोलला:
लोखंडी बसव. सिरॅमिक नको आता.

दुसऱ्या दिवशी म्हातारा रिक्षानं आला,
जुन्या डिस्क मागायला.
टायरवर बसला. चहा बशीत ओतून प्याला.
मी न विचारताच म्हणाला,
"आमचा आगर तिथं व्हता. आता नुस्ता रस्ता हाय.
हलू गेलं तर कलतच नाय मना, कुठं व्हता.
जोरात यायचा नि दाबायचा.
छाती फुडं जाते ना,
तवा आठवतं, कोंडं कुठून चालू व्हायचं."
मग एक डिस्क त्यानं स्वतःच काट्यावर ठेवली,
आकडा वाचला नाही, काट्याचा वास घेतला.
"मीठ असतं तर ओलं लागलं असतं," म्हणाला.

नव्या डिस्कवर पॅड रुळवावे लागतात.
शंभरवरून वीसवर, दहा वेळा.
पूर्ण थांबायचं नाही मात्र,
तापल्या लोखंडावर पॅड दाबून राहिला
तर त्याचा ठसा बसतो.

चावी त्या रात्री माझ्याकडे होती.
करावे गावाच्या कमानीशी तो उभाच होता,
जणू मी येणार हे ठरलेलं.
पाम बीच रोड मोकळा.
डावीकडे इमारतींचे दिवे, उजवीकडे तिवरांचा काळोख.
आठ वेळा दाबला, सोडला.
ब्रेकमधून जळक्या राळेचा वास यायला लागला,
तो यायलाच हवा.
नवव्याला म्हाताऱ्यानं डॅशबोर्डवर तळवा टेकला.

"हितं."

मी दाबला. साठ, चाळीस, वीस.
काका, थांबता येत नाही. ठसा बसेल.

"बसू दे."

आता पन्नासला ब्रेक मारला तरी स्टिअरिंग थरथरतं.
जयेंद्रचा दोनदा फोन आला.
काम कच्चं केलंस, म्हणाला.
मी हो म्हटलं.