असा परिवार आहे

खोली माझ्या नावावर व्हायची तर
आजोबा मेल्याचा पुरावा लागतो.
ते मेलेत, याविषयी घरात कुणाला शंका नव्हती.
दर पितृपक्षात कावळा येऊन सही करून जायचा.
पण घरमालकाच्या वकिलाला कावळा चालत नाही.

भायखळ्याला, वॉर्ड ऑफिसात, तळमजल्यावर
वराडकर बाई म्हणाल्या, साल सांगा.
साल कुणाला ठाऊक?
आई म्हणते, मी नुकती लग्न होऊन आले होते,
रेशनवर मिलो मिळायचा.
काका म्हणतो, माझी अकरावी राहिली ते वर्ष.
काकाची अकरावी तीनदा राहिली.
"अंदाजे" असा रकाना नसतो, बाई म्हणाल्या,
आणि चहाला गेल्या.

एवढं मात्र सगळे एका सुरात सांगतात:
रविवार होता,
भाऊच्या धक्क्यावर मासळी आणायला गेले,
तिथेच चक्कर आली.
मासळी आणायला त्यांना नेहमीच तीन तास लागत
आणि बांगडे आणत ते डोळे लाल झालेले.
आजी आधी त्यांना साफ करायची, मग बांगडे.

मग दादरला, ग्रंथालयात, वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे.
हात लावला की कडा पापडासारख्या मोडतात.
निधनवार्ता पान चारवर, तळाला,
बाजारभाव आणि हरवलेली मुलं यांच्या मधोमध.
अकरा दिवस बसलो.
कुणी हेडमास्तर, कुणी भजनीबुवा,
कुणी नुसत्याच अमक्यांच्या मातोश्री,
ज्यांना स्वतःचं नाव मेल्यावरही मिळालं नाही.
सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच: असा परिवार आहे.
माणूस गेलेला, क्रियापद वर्तमानकाळी.

सदुसष्टच्या फेब्रुवारीत सापडले.
"माझगाव गोदीतील निवृत्त खलाशी
विश्राम धाकू सरमळकर यांचे आकस्मिक निधन झाले.
त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली..."

बोटांवर मोजल्या. शेवंती आत्या. मालन आत्या.
पुन्हा मोजल्या.
तेव्हा ओळीला पैसे पडायचे.
"दोन"च्या जागी "तीन" लिहायला जास्त पडले नसतील.
पण लिहिलं कुणी?

शेवंती आत्याला फोन लावला.
"छापणाऱ्याची चूक असेल," ती म्हणाली.
मागे कुकरची शिट्टी झाली, दुसरी, तिसरी, पाचवी.
गॅस बंद करायला ती उठली नाही.

तारीख घेऊन पुन्हा भायखळा.
आता वही पाच मिनिटांत उघडली.
आडनावाचं सुरमुलकर झालेलं,
वय दहा वर्षांनी वाढवलेलं,
कारण: हृदय.
मृत्यूचे ठिकाण: धक्का नव्हे. माथारपाखाडी, घर नंबर सतरा.
खबर देणाराचे नाव: द्रुपदा इनास मिरांडा.
मयताशी नाते: मुलगी.

धक्क्यापासून माथारपाखाडी, चालत वीस मिनिटं.
जायला वीस, यायला वीस,
घासाघीस करून मासळी घ्यायला दहा.
दोन तास दहा मिनिटं उरतात.
बांगडे पिशवीत,
पिशवी दाराच्या कडीला.

दाखल्याच्या दोन प्रती घेतल्या.
वकिलाने मजकूर टाइप करून ठेवलाच होता:
"वरील व्यक्तींखेरीज मयतास अन्य कोणीही वारस नाही."
खाली फक्त सही हवी.
काका म्हणतो, कर रे, दहा बाय बाराची खोली,
तिच्यात आणखी किती माणसं आणतोस?

पेन उघडलं. मिटलं.
परत खिडकीशी गेलो.
अजून एक शोध घ्यायचाय, म्हटलं.
बाईंनी कोरा अर्ज पुढे ओढला.
नाव?
द्रुपदा.
साल?
साल माहीत नाही.
गेली का, तेही.