गल्ली नंबर पाच

संमेलनाच्या मांडवाबाहेर, वीस रुपयांच्या ढिगात
मिळालेलं पुस्तक. आत जांभळा शिक्का :
भास्कर ओंकार शिंपी, गल्ली नंबर पाच, धुळे.

परिसंवाद बुडवून निघालो.
तीन, चार,
मध्येच एक बोळ बिननंबराचा,
मग पाच.

त्या जागी आता शेवेची भट्टी.
"काय दखी राह्यना भाऊ?"
शिक्का दाखवला.
"नाना? त्या ते गयात."
आणि पोराने गरम शेव
माझ्या तळहातावर ठेवली.

पांझरेच्या पुलावर उघडलं.
एक्केचाळीस पानांपर्यंत समासात पेन्सिल :
शंका, भांडण, एकदा नुसतं "हॅ!"
मग,
"नळ आला. उरलेलं उद्या."

पुढे समास कोरे.

मांडवातल्या भोंग्यावर माझं नाव पुकारत होते.
मी बेचाळिसाव्या पानावर होतो,
बोटं तेलकट.